साडूच्या पांढऱ्या कोटाचे कागद

माझ्या सासूबाईंची पुरणपोळी उलगडून पसरली असती तर महाल भागातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीवर मांडव पडला असता. मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते, पण ती माहेरची बाजू, तिची साक्ष धरायची नाही. तूप त्या असं ओतायच्या की शेजारी बसलेल्यानं धोतर सावरून घ्यावं. आणि त्या घरात एक रिवाज होता. दिवाळी असो की अधिक महिन्यातलं जावयाचं वाण, तव्यावरून उतरलेली पहिली पोळी थोरल्या जावयाच्या ताटात पडायची. उरलेलं जग त्यानंतर. सासऱ्यांना दोन मुली, थोरली माझ्या घरी, म्हणजे थोरला जावई मी. या एका पोळीखेरीज मला आयुष्यात कुठे पहिला नंबर मिळालेला नव्हता, आणि मिळण्याची लक्षणंही नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अधिक महिना लागला, वाणाचं जेवण ठरलं. आम्ही दोघे साडू शेजारी शेजारी पाटावर बसलो. सासूबाई पोळी घेऊन आल्या. मी ताटात जागा केली, चटणी बाजूला सारली. पोळी माझ्या नाकावरून, होय, अक्षरशः नाकावरून, वाफ सोडत पुढे गेली आणि साडूच्या ताटात उतरली.

"रागावू नका, जावईबापू," सासूबाई मला म्हणाल्या. "ह्यायनं माह्या पापणीखाली पाहून सांगतलं का रगत कमी हाये म्हणून. तवापासून पालक खाऊन राहिली मी. आता दोन जिने चढतो म्हटलं तरी दम नाही लागत."

"घराला एकच जिना आहे," मी म्हणालो.

"मंग दोनदा चढते," सासरे म्हणाले, आणि सगळे हसले. साडूसुद्धा हसला, पण हळू, तोंडावर हात ठेवून. त्याचं सगळंच हळू.

हे पापणी ओढून पाहण्याचं ज्ञान त्याला कुठून आलं, तेही सांगतो. तोही माझ्यासारखाच प्राथमिक शाळेत मास्तर, पण शाळा सुखवस्तू धरमपेठेत. त्या वर्षी सरकारनं काही शाळांत विद्यार्थी स्वास्थ्य योजना आणली. मुलांना दूध, अधूनमधून डॉक्टर, आणि प्रत्येक शाळेत एक स्वास्थ्य शिक्षक. त्यानं मुलांची नखं, डोळे, दात तर पाहायचेच, पण एकेकाला जवळ बसवून मनाला काय टोचतं तेही विचारायचं. त्यासाठी त्याला प्रशिक्षण दिलं गेलं आणि वर पांढरा कोट. तो कोट एवढा पांढरा होता की भर उन्हात साडू सायकलवरून निघाला की समोरचे रिक्षावाले डोळ्यांवर हात धरायचे.

आणि मी? शहराच्या टोकाला, नंदनवनाकडच्या आमच्या शाळेत दोन खोल्या, चार वर्ग, एक कडुनिंब. दूध म्हणाल तर समोरून म्हशी जायच्या, तेवढंच.

त्या जेवणानंतर मला अन्न गोड लागेना. पालक दिसला की पित्त उसळायचं. रस्त्यानं कंपाउंडर जाताना दिसला, तरी त्याच्या कोटाकडे पाहून माझ्या छातीत कळ यायची. एक गोष्ट मात्र मला स्पष्ट दिसत होती. धरमपेठेची शाळा आणि हा मुखदुर्बळ माणूस निवडले गेले, ते सरळ मार्गानं नव्हे. कोणीतरी शब्द टाकला असणार. तो कोणी, हे कागदावर असणार. ते कागद मिळवायचे, सासरी नेऊन पाटाशेजारी ठेवायचे, आणि पोळी आपल्या मूळ जागी परत.

"काहून जीव जाळून राहिले?" बायको म्हणाली. "घरी करून देतो नं पोळी. पहिली तुमालेच."

"घरी दुसरा जावई आहे का वं?" मी विचारलं. तिला मुद्दा कळला नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत मी अर्ज घेऊन गेलो. या योजनेत शाळा कोणत्या आधारावर निवडल्या, स्वास्थ्य शिक्षक कोणी ठरवले, त्या सगळ्या कागदांची नक्कल मिळावी, असा झणझणीत अर्ज होता. छताचा पंखा एवढा सावकाश फिरत होता की त्याच्या पात्यावर एका चिमणीनं संसार थाटला होता, आणि पिल्लंही उडवून दिली असावीत. त्याखाली तिथले बाबू सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले होते. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"गुर्जी, हे काय आणलं?"

"कागद मागायला आलो."

"लोकं योजना मांगते, बदली मांगते, रजा मांगते. कागद मांगणारा पहिला माणूस तुमी. तक्रार हाये का?"

तक्रार म्हटलं की चौकशी, आणि चौकशी तक्रार करणाऱ्यापासूनच सुरू होते, एवढं ज्ञान मला होतं. "छे, तक्रार कसली," मी म्हणालो. "नुसती जिज्ञासा."

"जिज्ञासेले इथं टेबल नाही." त्यांनी खर्ऱ्याची चिमूट गालात ठेवली. "फाइल कचेरीतून एकटी भायेर जात नाही, गुर्जी. माणसासंगं जाते. या योजनेसाठी तुमच्या शाळेची पाहणी लावतो. पाहणीवाला फाइल घेऊन तुमच्या दारात येईन, त्याच्या समोर बसून पाहा, जेवढं पाहायचं तेवढं. नकलेची कटकट नाही."

मला पद्धत पसंत पडली. सरकार स्वतः चालत माझ्या शाळेत येणार! मी बाबूंना चहा पाजला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की कचेरीत सगळे उभे राहिले होते.

पाहणीचा दिवस उजाडला. मुलांना मी सज्जड दम भरून ठेवला. कोणी शिंकायचंसुद्धा नाही. फाटकाशी सायकल वाजली. कडुनिंबाखाली असा काही लख्ख उजेड पडला की पाखरांना वाटलं असावं, दुसरा सूर्य उगवला. पांढरा कोट. कोटाच्या आत साडू. काखेत फाइल.

"नमस्कार, दादा," तो म्हणाला. "पाहणीसाठी अनुभवी शिक्षक पाठवायचा आहे म्हणाले. इकडे यायला कोणी तयार नव्हता, मीच म्हटलं जातो. ही फाइल. तुम्ही अर्ज केला होता म्हणे."

"हो, जरा… मुलांसाठी," मी म्हणालो.

"चांगलं केलंत. तुम्ही निवांत वाचा. मी तोवर मुलांशी बोलतो."

तो कडुनिंबाखाली बसला. मी आत खिडकीशी फाइल उघडून बसलो. एवढ्या उत्सुकतेनं मी लग्नाच्या वेळी मुलीचा फोटोही पाहिला नव्हता. पान उलटलं, पुन्हा उलटलं, शेवटून पहिल्याकडे आलो. कोणाचा शब्द नाही, शिफारस नाही, कोणाच्या मामाचं पत्र नाही. त्याच्या शाळेत नळ होता आणि दार लागणारी एक खोली होती, म्हणून शाळा घेतली. स्वास्थ्य शिक्षक व्हायला कोण तयार आहे, असं विचारलं तेव्हा बाकीचे मास्तर जास्तीचं काम नको म्हणून गप्प राहिले, यानं हात वर केला. संपलं. मत्सर करणाऱ्या माणसाच्या हाती असा धुतलेला कागद येऊ नये. एखादा डाग असता तर मी त्याला माफसुद्धा केलं असतं.

तेवढ्यात बाहेरचं बोलणं कानावर आलं. आमच्या तिसरीतली एक मुलगी, जिचा हजेरीपलीकडे आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता, साडूसमोर पोपटासारखी बोलत होती.

"पोटात गोळा येते."

"कधी येते गं बेटा?" साडूनं विचारलं.

"गुर्जी बोलते तवा."

"रागावते का?"

"नाही. नुसते बोलते."

मागच्या पोरानं भर घातली, "ते हजेरी घेते तरी म्हशी पळते."

मग काय, बांध फुटला. कोणाला माझ्या आवाजानं पाढे विसरायला होत होतं, कोणाला स्वप्नात मी दिसत होतो, आणि एका पोरानं तर सांगितलं की माझ्या खोकल्याची चाहूल लागली की तो कडुनिंबावर चढतो. माझा आवाज मोठा आहे, मान्य. दोन खोल्यांत चार वर्ग कोंबून पाहा, मग सांगा हळू कसं बोलायचं ते. पण मला ते दुखलं नाही. मला दुखलं ते हे की जी मुलं मला "उपस्थित" एवढा एकच शब्द देत आली, ती या परक्या कोटवाल्याच्या गुडघ्यांना टेकून पोटातलं सगळं ओतत होती. माझी मुलं! माझ्या कडुनिंबाखाली! त्याला सगळं मिळत होतं आणि तो मागतही नव्हता.

जाताना त्यानं फाइल काखेत मारली. "छान मुलं आहेत, दादा," एवढंच म्हणाला. मुलं त्याच्या सायकलीमागे फाटकापर्यंत धावली. माझ्या सायकलीमागे फक्त कुत्री धावायची.

दिवाळी तोंडावर आली तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. आता त्याच्याकडे माझ्याविरुद्ध पूर्ण वर्गाची साक्ष होती. सासरच्या पंगतीत त्यानं एक वाक्य टाकलं असतं, की मुलं दादांना घाबरून झाडावर चढतात, तर पहिली पोळी काय, मला थेट आमटीपासून सुरुवात करावी लागली असती. मी ताप आल्याचं सांगून पाहिलं. बायकोनं कपाळाला हात लावला आणि पिशवी भरायला घेतली.

पंगत बसली. तव्यावर पोळी चुरचुरत होती. सासऱ्यांनी नेमका विषय काढला.

"काहो, यायच्या शाळेची पाहणी तुमीच केली म्हणते?" त्यांनी साडूला विचारलं. "कशी काय आहे शाळा?"

सासूबाई पोळी उलथन्यावर घेऊन दारात थबकल्या. मी ताटातल्या मिठाकडे पाहत होतो. हा माणूस खोटं बोलत नसे. स्वतःच्या लग्नात, मुलगी पसंत आहे का विचारल्यावर, यानं "अजून नीट पाहिली नाही" असं भर मांडवात सांगितलं होतं.

साडूनं घास नसताना घास गिळला.

"शाळा लहान आहे, बाबा," तो म्हणाला. "पण मुलं दादांवर जीव टाकतात. त्यांचा आवाज ऐकला की वर्गाबाहेर धावत येतात. एक मुलगी तर वर्षभर कोणाशी बोलत नव्हती, ती यांच्याबद्दलच बोलत होती. एक पोरगं यांची वाट पाहत कडुनिंबावर चढून बसतं. मी असं कुठल्याच शाळेत पाहिलं नाही."

बायको माझ्याकडे नव्यानं पाहू लागली. सासऱ्यांनी मान डोलावली. "बाई वं," सासूबाई म्हणाल्या, "अन् मी येड्यावानी…" आणि पोळी माझ्या ताटात पडली. पहिली. तूप तिच्या कडांवरून ओघळून पाटाखाली गेलं.

मी घास घेतला. सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहत होते आणि मी साडूकडे. तो मान खाली घालून हळूच आपल्या पोळीची वाट पाहत बसला होता. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल.

आता मला सांगा, थापा मारणं हा माझा प्रांत. महालापासून नंदनवनापर्यंत त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. तिशी ओलांडून गेलेल्या या माणसानं जन्मात पहिल्यांदा थाप मारली, तीही अशी बेमालूम की पुढे कितीतरी वर्षं सासरी तीच गोष्ट सांगितली जायची, आणि माझी एकही नाही. त्याचा कोट मी एखादे वेळी विसरलो असतो, पण ही थाप विसरणं मला आजवर जमलेलं नाही.