दोन प्रोग्रॅममधला बांध

“बांध कोठे शे?”

कुणीही नवा प्रोग्रॅम घेऊन गेलं की कचेरीतला माझा एक सोबती आधी हेच विचारायचा. मग टेबलावर नखाने एक आडवी रेघ ओढायचा, आणि त्याचं समाधान होईपर्यंत प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं हातात घ्यायचा नाही.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, सगळ्यांना आवडणारा. मला तो आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात जळगावच्या आमच्या कचेरीत संगणक आला. तो एका वेळी दोन प्रोग्रॅम चालवायचा. त्याच्या मेमरीत ओळीने क्रमांक दिलेले कप्पे होते. पण एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कप्प्यांत घुसला, तर त्याला अडवायची सोय यंत्रात नव्हती. मोठ्या यंत्रांत ती असते म्हणे. आमचं लहान होतं.

धुळ्याकडच्या शेतकऱ्याच्या या मुलाने त्यावर घरचाच तोडगा काढला. दोन प्रोग्रॅमच्या मधे तो शेताच्या बांधासारखे काही कप्पे मोकळे सोडायचा आणि त्या सगळ्यांत एकच आकडा भरून ठेवायचा. काम संपलं की ते कप्पे छापून बघायचा. आकडा बदललेला दिसला की म्हणायचा, “कोनं तरी ढोर आठे येल शे.” आणि ते कुणाचं, हेही अचूक सांगायचा.

मेमरी आधीच तोकडी आणि हा गडी ती पडीक ठेवतो, असं मी साहेबांच्या कानावर घातलं. मी पुण्याला शिकलेला, मला वाटलं माझं ऐकतील. साहेब म्हणाले, “अहो, हे तुम्हाला का नाही सुचलं?” त्यानंतर आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

त्यातच मोठ्या यंत्राच्या प्रशिक्षणाला मुंबईला एकाला पाठवायचं ठरलं. तो की मी, एवढाच प्रश्न होता.

त्याच्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांची यादी होती, माझ्याकडे पहूरसारख्या गावोगावच्या पावसाच्या नोंदी. माझी गावं वाढली, कप्पे जास्त लागणार होते. अशा वेळी त्याला सांगायचं आणि त्याने बांध सरकवून द्यायचा, अशी रीत होती. पण त्याला विचारायचं म्हणजे त्या नखाच्या रेघेसमोर उभं राहायचं. मी विचारलं नाही. माझा पाऊस बांध ओलांडून थेट त्याच्या यादीत शिरला.

यादी साहेबांच्या टेबलावर गेली तेव्हा तिच्यात एका गावाला दोनदा पाणी होतं आणि तीन गावं गायब होती.

त्याने बांधाचे कप्पे छापले. कागद माझ्यासमोर धरून हळूच म्हणाला, “हाऊ पहूरना पाऊस शे ना, भाऊ?”

तेवढ्यात साहेबांनी दोघांना बोलावलं. आता हा माझं नाव घेणार, मुंबई गेली, असं मी धरूनच चाललो होतो.

“साहेब, बांध मीच अपुरा ठेवला,” तो म्हणाला.

साहेब त्याला वाटेल तसं बोलले. मी तोंड उघडलं नाही. मुंबईला मी गेलो.

तुम्हाला वाटेल, आता तरी माझा जळफळाट थांबला असेल. उलट वाढला. चूक माझी, जागा माझी, आणि मोठेपण तेवढं त्याचं! परत आलो तर हा मला चहा पाजून विचारतो, “तठे यंत्रच अडावस का?” हो, तिथलं यंत्र स्वतःच अडवतं, म्हटलं तर लहान पोरासारखा खूश होतो. खरं सांगून टाकावं म्हणून मी एकदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

दोन वर्षांनी तो काविळीने धुळ्याला वारला. मी त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी नाव सांगताच तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“तुम्हीच का ते? घरमा तुमनं नाव नेहमी निंघे, भाऊ. मुंबईले गया तो माणूस मनापेक्षा हुशार शे, असं ते म्हणेत.”

म्हणजे त्याने घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं, उलट मला त्याच्यापेक्षा हुशार ठरवलं होतं. त्या घरात बसूनही मला त्याचा हेवा वाटला. आता तरी बोलावं म्हणून मी घसा साफ केला. ती माझ्याकडे बघत थांबली.

“फार चांगला माणूस होता,” मी म्हणालो, आणि उठलो.