काळ्या जिभेच्या चांगुणामावशी

चांगुणामावशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या तेव्हा माझ्या हातातली पिशवीच खाली पडली. दात काळे, हिरड्या काळ्या, जीभ तर काजळीत बुडवून काढल्यासारखी. नेरूळजवळच्या शिरवण्यात मी भाड्याची खोली बघायला गेले होते आणि या घरमालकीण म्हणून समोर उभ्या होत्या. माझं तोंड बघून त्या शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नको गो बाय, कोलसा खाल्लाय." चहा घेतलाय म्हणून सांगावं तसं सांगितलं. खोली घ्यावी की आल्या पावली पळावं, हे मला कळेना. शेवटी खोलीत उजेड चांगला होता, म्हणून राहिले.

मावशी मूळच्या गावातल्याच. आजूबाजूला शहर वसलं, शेतं गेली आणि त्यांच्या खळ्याच्या जागी बिल्डिंग उभी राहिली. तिच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या सुकट निवडत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत. भाडेकरूंची नावं त्यांनी कधी पाठ केली नाहीत. आमची गावंच आमची नावं. "ए लातूर, जेवलीस का? ए चिपलून, तुजा पोर खोकतंय, लक्ष हाय का?" कुणी नुसतं बरं नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "पोट साफ झाला का?" ताप असो, पाठदुखी असो, नवऱ्याशी भांडण असो, मावशींच्या हिशेबी सगळ्याचं मूळ पोटातच. "पोट साफ त मानूस साफ" हे त्या दिवसातून कितीदा म्हणत, देव जाणे.

लहानपणी त्या करवंटी जाळून तिच्या कोळशाने दात घासायच्या. पुढे सुनेनं, सवितानं, मोबाइलवर व्हिडिओ बघून पोट साफ करणारी काळी पावडर मागवली. बरणीवर काय काय इंग्रजी लिहिलेलं होतं. मावशींनी बोटाने चाटून पाहिली आणि निकाल दिला, "हा त आमचाच कोलसा. शिकून आलाय." तेव्हापासून बरणीचा ताबा मावशींकडे. व्हिडिओतल्या बाईचं वाक्य त्यांनी आपल्या बोलीत घेतलं होतं, "पोटातला वाईट तेवरा धरते, चांगला सोरते." गावात लग्नाची हळद असली की मटणावर ताव मारून आलेले सगळे भाडेकरू मावशींच्या दारात रांगेनं उभे राहत आणि त्या एकेकाला चमचाभर काळं पाजत. मीही एकदा प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात जे पाहिलं, त्याने माझी बोबडी वळली. पोटात रक्तस्राव झाला असं समजून मी रडत खाली गेले. मावशी खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की त्यांचा पदर खाली आला. "अगो, घान भाईर परली. काली नाय परनार त काय गोरी परनार?"

हसणाऱ्या या बाईला तरुणपणापासून फिट यायची. एकदा पाण्याचा हंडा घेऊन येताना त्या विहिरीच्या काठावर पडल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. मग गोळ्या सुरू झाल्या आणि कित्येक वर्षांत फिट आली नव्हती. गोळीच्या बाबतीत मावशी फार कडक. सकाळी चहानंतर एक, संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की एक. आणि प्रत्येक गोळीमागे पेलाभर सब्जाचं पाणी. "गोली उष्न. आजार मारते, पन आंग जालते. तिच्यामागं थंड गेलाच पायजे." आमच्या लातूरकडेही गोळी उष्ण पडते म्हणून वर ताक पितात, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

आणि एका सकाळी दारात सुकट निवडता निवडता मावशी खुर्चीवरून खाली कोसळल्या. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी ऑफिसला निघाले होते, जिन्यातच थिजले. मुलगा प्रमोद धावत आला. फिट गेली, मावशी शुद्धीवर आल्या, पण त्या आठवड्यात पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि प्रमोदला बाजूला घेऊन सांगितलं, की रक्तात औषध जवळजवळ नाहीच, आई गोळ्या घेत नाहीत.

झालं. सगळ्या बिल्डिंगला ते खरं वाटलं. डॉक्टरांवर मावशींचा विश्वास नाही, हे त्यांनीच आम्हाला हजारदा ऐकवलं होतं. प्रमोदनं उशीखाली, गादीखाली, देवघरात, तुळशीच्या कुंडीत गोळ्या शोधल्या. "आई, खरा सांग, गोली कुठं फेकतेस? तुला काय झाला तर आमी काय करायचा?" त्याचा आवाज रागाचा होता आणि डोळे भरले होते. मावशी गावदेवीची शपथ घेऊन सांगत राहिल्या, "मी गिलते रे. मी खोटी नाय." मग सवितानं गोळी स्वतः जिभेवर ठेवायला सुरुवात केली. गिळून झाली की मावशींनी लहान मुलासारखा आ करायचा, जीभ वर करायची, आणि सवितानं आत बघायचं. मग सविता त्यांचा स्टीलचा पेला त्यांच्या हातात द्यायची. एकदा मी दारातून हे पाहिलं. सगळ्या गावाला दटावणारी बाई तोंड उघडून बसली होती. मला तिथे उभं राहवेना.

माझ्याकडे मात्र त्यांनी एकदाच विषय काढला. "लातूर, काल्या जिभेच्या मानसाचा बोलना खरा होते म्हनतात ना? मंग माजा कोनी कसा ऐकत नाय?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले.

शेवटची फिट स्वयंपाकघरात आली. पडताना ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं. नेरूळच्या हॉस्पिटलात इंजेक्शनं देऊन फिट थांबवली, डोक्यात रक्त साकळलंय असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले तेव्हा मावशी जाग्या होत्या. डोक्याला पट्टी, तोंड सुकलेलं, पण जीभ अजून काळसर. सिस्टरनं गोळी दिली. मावशींनी ती निमूट गिळली, न सांगता आ करून दाखवला, आणि सवितापुढे हात केला. "आथा काली दे."

राउंडवर आलेली तरुण डॉक्टर थबकली. "काय देता यांना?" सवितानं पर्समधून पावडरीची पुडी काढली आणि सांगितलं, "गोळीची उष्णता निघायला. आधी सब्जा घ्यायच्या, पण ही जास्त चांगली म्हणून मध्यंतरी त्यांनीच सुरू केली... आता प्रत्येक गोळीनंतर मी देते." डॉक्टरनं पुडी उघडून बघितली. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, कुणी विष घेतलं तर आम्ही हे पाजतो. पोटात जे असेल ते हे धरून ठेवतं आणि बाहेर घेऊन जातं. विष कुठलं, औषध कुठलं, हे त्याला कळत नाही."

इतके दिवस सविता सासूच्या तोंडात बघून गोळी गेल्याची खात्री करत होती आणि लगेच स्वतःच्या हाताने ती गोळी पुसून टाकत होती. त्या पेल्यात सब्जाच आहे, असं मी धरून चालले होते. सविताच्या हातातली पर्स खाली पडली, ती तिने उचलली नाही. प्रमोद भिंतीला टेकून उभा होता, तो आईच्या पलंगाशी आला.

मावशी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी डॉक्टरला विचारलं, "म्हंजे मी गोली घेत व्हते, बरोबर?"

"हो आजी. रोज घेत होतात."

"परमोद, ऐकलास?" मावशी म्हणाल्या. प्रमोदनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी सविताला जवळ बोलावलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "रडू नको गो. मीच मागत व्हते ना."

डोक्यातलं रक्त वाढत गेलं. मावशी पुन्हा घरी आल्या नाहीत.

दारातली खुर्ची कुणी हलवली नव्हती. प्रमोद तिच्याशेजारी जमिनीवर बसला होता. गावातली माणसं भेटायला येत, समोर टेकत, आणि रीतीप्रमाणे विचारत, काय झालं, कसं झालं. फिट आली, पडली, डोक्याला लागलं, यातलं काहीच तो आधी सांगत नसे. येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिलं हेच सांगे, "आई गोली चुकवत नव्हती. ती खरा बोलत होती."