पडद्यावरचे उणे अठरा

डीफ्रॉस्ट होणाऱ्या फ्रीजरचा तो ओलसर, कोमट वास आला की मला इकडे उत्तरेतल्या अमीनाबाद बाजारातलं कुल्फीचं दुकान आठवतं. ऐन मे महिना होता, आणि त्यांच्या फ्रीजरच्या दुरुस्तीसाठी इंदिरा नगरच्या घरून खेपा घालून मी वैतागलो होतो. फ्रीजरचा कंट्रोलर अधूनमधून आत साचलेला बर्फ वितळवायला हीटर लावायचा, दारावरच्या छोट्या पडद्यावरचं तापमान चढायचं, आणि म्हातारे मालक घाबरून स्विच बंद-चालू करायचे. वितळणं अर्धवट राहायचं, बर्फाचा थर वाढतच जायचा. समजावून समजावून थकलो. "भैया, चढ़ता हुआ देखा नहीं जाता," ते म्हणाले. शेवटी मी सेटिंग बदललं. आता बर्फ वितळेपर्यंत पडद्यावर आधीचाच आकडा राहणार होता, उणे अठरा. मालक खुर्चीत टेकले. "अब चैन मिला." तेवढ्यात साताऱ्याहून आईचा फोन आला. "आवाज का रे असा?" शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. "काही नाही गं, मजेत आहे." इतक्या वर्षांनी आता इकडेच वाढलेला माझा मुलगा पुण्याहून फोनवर "सब ठीक है, बाबा" एवढंच म्हणतो. मी पुढे काही विचारत नाही, खुर्चीत टेकतो.