पहाटे चारचा पिवळा बिबट्या

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आणि आत्या माझं काही एक ऐकत नाहीत. येडशीच्या जंगलाला लागूनच आमचं रान आहे. बिबट्या दिसल्याची बोंब उठल्यापासून गावातले भलेभले गडीसुद्धा ऊन चढल्यावर रानात जायला लागले होते. आत्या मात्र तांबडं फुटलं की बादली उचलून रानातल्या गोठ्याकडं निघायच्या. "म्हशीला काय सांगू? वाघरू आलंय, आज उशिरा दूध दे म्हनून?"

मग मी माझ्या परीनं उपाय केला. शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, तेवढ्या भांडवलावर पत्त्याच्या कॅटाएवढे दोन कॉम्प्युटर आणले. प्लास्टिकच्या डब्यांत घातले, कॅमेरा, बॅटरी आणि छोटं सोलर जोडलं. एक डबा गोठ्याखालच्या ओढ्यावर करंजीच्या झाडाला बांधला, दुसरा वर डोंगराच्या पायथ्याला. ओढ्यात रेंज नाही, म्हणून खालचा डबा आपले फोटो वरच्याकडं ढकलतो आणि किती वाजले हेही त्यालाच विचारतो. वरच्या डब्यात सिमकार्ड आहे. तो फोटोत माणूस आहे की जनावर ते ओळखतो आणि उजाडल्यावर रात्रीचे सगळे फोटो वेळेप्रमाणं लावून गावाच्या ग्रुपवर टाकतो. पण फक्त जनावरांचे. माणसांचे फोटो ग्रुपवर जायचे नाहीत, अशी बायकांनी अट घातली होती. पहाटे ओढ्याकडं कोण कशाला जातं, हे काय सांगायला हवं? ते फोटो डब्यातच राहायचे.

त्या आठवड्यात पाऊस थांबला होता, पण आभाळ हटत नव्हतं. नवरा एसटीवर ड्रायव्हर, तो मुक्कामाची गाडी घेऊन गेलेला. मी उठले तेव्हा आत्या निघून गेल्या होत्या. चहा टाकला आणि मोबाईल वाजला.

दोन फोटो होते. पहाटे चार वाजून दहा मिनिटं, ओढा: बिबट्या. चार पन्नास, डोंगर: बिबट्या. म्हणजे ओढ्यावर पाणी पिऊन स्वारी वर निघून गेली होती. ग्रुपवर लगेच हात जोडल्याची चित्रं आली. 'गेला एकदाचा' असं कुणीतरी लिहिलं. मलाही हायसं वाटलं. चहा गाळता गाळता मी फोटो पुन्हा उघडले, कौतुकानंच.

डोंगरावरचा फोटो काळापांढरा होता. अंधारात हे कॅमेरे तसाच फोटो काढतात, उजाडल्यावरच रंगीत. आणि ओढ्यावरचा बिबट्या पिवळा होता. चांगला हळदीसारखा पिवळा, मागं हिरवं गवत.

पहाटे चारला कसला आलाय पिवळा रंग?

हातातली गाळणी खाली पडली. खालच्या डब्याचं घड्याळ मागं पडलं होतं. बिबट्या डोंगराकडं गेला नव्हता, तो डोंगरावरून खाली आला होता. उजाडल्यावर. म्हणजे आत्ताच. आणि ओढ्यापासून गोठा हाकेच्या अंतरावर.

आत्यांना फोन लावला. तो स्वयंपाकघरातच खुंटीला लटकलेल्या पिशवीत वाजायला लागला. मी इतकी घाबरले की रडूसुद्धा येईना. ग्रुपवर 'गेला नाही, खालीच आहे' एवढं कसंबसं लिहिलं आणि स्कूटी काढली. वाटभर हॉर्नवरचा अंगठा उचलला नाही. डोळ्यांसमोर नुसती लवंडलेली बादली दिसत होती. देवाचं नाव घ्यायलाही सुचत नव्हतं.

आत्या म्हशीखाली बसलेल्या होत्या. मला बघून कडाडल्या, "काय लगीन हाय का कुनाचं? कवापास्नं म्हस दावं ताणतीया, आत्ता कुठं पान्हवली, तर तू भोंगा वाजवत आलीस!"

म्हैस ओढ्याकडं बघत होती. कान ताठ, मान हलत नव्हती.

"आत्या, उठा. बोलू नका. मागं बसा."

माझा आवाज ऐकून त्या पहिल्यांदाच मुकाट्यानं उठल्या.

वनखात्याची माणसं फटाके घेऊन आली, ओढा पालथा घातला, पण बिबट्या काही दिसला नाही. तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. त्यांच्या सोबतीनं आम्ही दोघी परत ओढ्यावर गेलो आणि मी डबा उघडला. मोबाईल जोडून बघितलं. आभाळामुळं करंजीखाली बॅटरी भरली नव्हती. रात्री डबा बंद पडला आणि दम खाऊन पुन्हा उठला. या कॉम्प्युटरच्या घड्याळाला स्वतःचा सेल नसतो. बंद पडताना जे वाजले होते, तिथूनच ते पुढं मोजायला लागतं. त्यानं वरच्या डब्याला वेळ विचारली होती, पण दोन्हींत फारच फरक दिसला, तेव्हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम घड्याळ दुरुस्त करायचं सोडून स्वतःच बंद पडला. माझ्या तोंडातून शिवी गेली.

नवीन वेळ भरण्याआधी मी डब्यातले फोटो बघितले. बिबट्याच्या अगदी आधीचा फोटो ग्रुपवर गेला नव्हता, कारण तो माणसाचा होता. आत्या ओढ्यावर वाकून बादली विसळत होत्या.

घड्याळ चुकलेलं असलं, तरी एकाच घड्याळावरच्या दोन फोटोंमधलं अंतर काही चुकत नाही. ते चार मिनिटांचं होतं.

फोटो दाखवायचे नव्हते, पण आत्यांनी मोबाईल मागून घेतला. आधी स्वतःचा बघितला, मग त्याचा. त्याच्या पायाजवळच्या दगडावर बादली ठेवल्याचं ओलं वर्तुळ अजून वाळलं नव्हतं. आत्यांनी त्या दगडावर बोट ठेवलं.

"हितंच व्हतं गं ते," त्या म्हणाल्या. "म्या उठायची वाट बघत."

मग त्यांनी माझा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही. स्कूटी त्या दिवशी रानातच राहिली.