मलावीला गेलेला भित्रा

आमच्या शेजारणीच्या मुलाइतका भित्रा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. धरमपेठेतलं ओळखीचं कुत्रं दिसलं तरी तो गल्ली बदलायचा, कुकरची शिट्टी व्हायच्या आत अंगणात यायचा, आणि भर मे महिन्यात कूलरला करंट असेल म्हणून घाम पुसत बसायचा. बटण दाबायला हाक मला. "काका, तुम्हीच लावा गा. तुमचं तर आता वय झालं." असा हा पोरगा एका रविवारी चर्चमधून आला आणि मिशनच्या कामासाठी मलावीला चाललो म्हणाला. मलावी आफ्रिकेत आहे हे कळल्यावर त्याच्या आईनं भिंत धरली. मी विचारलं, "काहून गा, तुले भेव नाही लागत?" "लय लागते," तो म्हणाला, "पण बोलावणं आलं न काका."

तिथं नदीकाठच्या खेड्यात तो मुलांना शिकवायचा. पहिल्याच प्रवचनात तो इतका थरथरला, की लोकांना वाटलं याच्यावर पवित्र आत्मा उतरला, आणि ते टाळ्या वाजवून गायला लागले. घाबरला की फोन मलाच. "काका, छपरावर काहीतरी चालून राहिलं." "काय आहे?" "पाह्यलं नाही. पाह्यलं तर दिसन न!" मी हसायचो, पण फोन ठेवला की जीव थाऱ्यावर नसायचा. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या त्याच्या आईला मात्र "मजेत आहे" म्हणून सांगायचो.

मग पावसाळ्यात तिथला रस्ता वाहून गेला. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि दवाखाना नदीपलीकडे. तिला धरून बसायला कोणीतरी हवं होतं, म्हणून पोहता न येणारा हा लाकडाच्या अरुंद होडीत बसला. डोळे मिटून मोठमोठ्यानं मराठीत प्रार्थना सुरू. ती बाईच त्याची पाठ थोपटत होती म्हणे. मध्यावर नावाड्यानं एकाएकी वल्हं थांबवलं, याला हलवून डोळे उघडायला लावले आणि ओठांवर बोट ठेवलं. प्रार्थना अर्ध्यावरच तुटली. हाताच्या अंतरावर पाणघोड्याची पाठ वर आली होती. आवाज झाला असता तर त्यानं होडी उलटवली असती. नेमकी तेव्हाच बाईला कळ आली. ती ओरडणार, तोच यानं आपलं मनगट तिच्या तोंडात दिलं. तिनं कडकडून चावा घेतला. पाल दिसली तरी किंचाळणाऱ्या या पोरानं हूं की चूं केलं नाही. बऱ्याच वेळानं ती पाठ पाण्याखाली गेली. पलीकडे पोचल्यावर बाईला मुलगी झाली, आणि हा दवाखान्याच्या पायरीवर बेशुद्ध पडला.

सुट्टीवर आला तेव्हा मनगटावर दातांचा अर्धगोल व्रण होता. आईला त्यानं सांगितलं, पत्रा लागला. ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "आता तरी भेव गेलं का गा?"

"कायचं जाते काका! पह्यले फक्त माह्यापुरतं होतं. आता तिथल्या साऱ्यायचं लागून राह्यते. त्या पोरीचं तर लयच."

मिशनमधली त्याची मुदत या सुट्टीतच संपली होती. परत जायची सक्ती कोणाचीच नव्हती. तरी तो निघाला. विमानतळाच्या दारात त्यानं माझा हात धरला. भर उन्हाळ्यात त्याचा हात गारठलेला होता. बराच वेळ त्यानं माझा हात सोडला नाही. मग सोडला, आणि मागे न बघता आत गेला.