कट म्हणायचं नाही

देवाने आमच्या वरच्या काकांना विचारून जग केलं असतं ना, तर ते अजून झालंच नसतं, कारण पहिल्याच दिवशी काका म्हणाले असते, छान होतं, पण एकदा परत. नात्याने ते माझे कुणी नाहीत. चारकोपला आमच्या डोक्यावर राहतात म्हणून वरचे काका. तीस वर्षं शूटिंगला लाईट लावायचं काम केलं, आता रिटायर झालेत, एकटे असतात, आणि एक जुना हँडीकॅम त्यांच्या हाताला लागलाय तेव्हापासून आमच्या सोसायटीत साधं बारसं होत नाही. पाहुणे दारातून आत आले की काका म्हणतात, परत जा, चपला घाला, आणि आता हसत या. एका हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंना त्यांनी तीनदा बाहेर पाठवलं, तिसऱ्यांदा काकू आल्याच नाहीत, घरी जाऊन त्यांनी भाताला आधण ठेवलं. आणि आवाज त्यांना चालत नाही. पंखा बंद, मिक्सर बंद, आणि कुणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली की हे खिडकीतून ओरडतात, "अहो, त्याला थांबायला सांगा जरा!" कुकरला कोण सांगणार.

बरं, काम लाईटचं केलं, कॅमेऱ्याचं नाही, त्यामुळे त्यांच्या शूटिंगमध्ये उजेड असा पडतो की साधं स्टीलचं ताट देवळातलं वाटतं, पण माणसं सगळी अर्धी. सेक्रेटरींच्या नातवाच्या वाढदिवसाला सेक्रेटरी पाऊण तास गळ्यापासून खाली दिसतात. ते भांडायला आले तर काका शांतपणे म्हणाले, "मुंडकं हे कॅमेरामनचं काम. तुमच्या शर्टावर उजेड बघा की." आणि गंमत म्हणजे सेक्रेटरींनी बघितला, आणि गप्प खाली गेले.

पण सगळ्यात मोठी भानगड त्यांच्या अंगठ्याची. सेटवर कट म्हटलं की लाईट खाली, हे तीस वर्षं अंगात मुरलेलं, आता कुणीही कट म्हटलं की अंगठा आपोआप बटण दाबतो. आणि वाढदिवसाला लोक काय म्हणतात? केक कट कर. झालं, कॅमेरा बंद. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या एकाही पोराने केक कापल्याचा पुरावा नाही. आख्खा केक दिसतो, आणि पुढच्या क्षणाला सगळे खात असतात.

हे सगळं माहीत असून माझ्या लेकीच्या, ओवीच्या पहिल्या वाढदिवसाला मी काकांनाच बोलावलं, कारण मला दुसरं कोण होतं. माझा नवरा बोटीवर. ओवीचं बारसं झालं आणि आठव्या दिवशी तो गेला, मग काम वाढलं, मुक्काम वाढला, वर्ष झालं. तिथे नेट असतं म्हणायला, आवाज कसाबसा येतो, चेहरा मात्र तोंड उघडं ठेवून तसाच अडकतो, त्या अडकलेल्या चेहऱ्याला ओवी हात लावते आणि मग रडते. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते, पालीची, लिफ्टची, फॉर्म भरायची, पण ही भीती वेगळी होती, की माणूस इतके दिवस लांब राहिला तर त्याला आमच्याशिवाय राहायची सवय होईल. हे त्याला विचारायचं कसं, तो तिकडे एकटा. त्याने एकच मागितलं होतं. केक कापताना तिचा चेहरा. त्याच्या बोटीवर जाणारा एक माणूस बोरिवलीचा, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार होता, त्याच्याकडे पेनड्राईव्ह द्यायचा होता.

मग मी आठ दिवस आधीपासून घरोघरी फिरले. कट म्हणायचं नाही, काप म्हणायचं. पोरांना दम दिला, जो कट म्हणेल त्याला वेफर्स नाहीत. सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे पण हो म्हणाले. सासूबाईंना तेवढं सांगितलं नाही. त्या अस्सल मालवणी, फ्रीजला पण थंड कपाट म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

त्या दिवशी काकांनी ट्यूबलाईट बंद करून आपला पिवळा बल्ब लावला, उजेड परतवायला मोठा थर्माकोल आडवा धरायला दोघांना उभं केलं, त्यामुळे ज्यांनी ज्यांनी फोनवर काढलं त्यांच्या फोनात नुसता थर्माकोल. ओवी मधोमध, चेहरा असा उजळलेला की मलाच ती नवीन वाटली. मी तिचा हात धरून सुरी टेकवली, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि सासूबाई, ज्यांनी जन्मात इंग्रजी शब्द तोंडातून काढला नाही, त्या जोरात म्हणाल्या, "कट कर गो बाय, केक कट कर!"

अंगठा खाली. संपलं.

काकांना कळेपर्यंत, ते परत चालू करेपर्यंत, ओवीने तोंड केकमध्ये घातलं होतं आणि कुणीतरी ते फडक्याने पुसत होतं. सासूबाई घाबरून म्हणत होत्या, "मी आपला शूटिंग असा म्हणान इंग्लिशीत बोललंय." मी किचनमध्ये गेले आणि ओट्याला धरून रडले. मागून काका आले, कॅमेरा हातात खाली लोंबत होता. सॉरी म्हणत राहिले. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, वर्षभर जे कुणाला विचारलं नाही ते त्यांना विचारलं.

"काका, माणूस इतका लांब राहिला की त्याला सवय होते का हो आमच्याशिवाय?"

काकांनी टपटपणारा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाले, "मी आउटडोर शूटिंगला असायचो, पोरी. चार चार महिने. मुलीच्या एकाही वाढदिवसाला नव्हतो. सवय झाली, पण तिला. मला नाही झाली."

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याने पेनड्राईव्ह भरून दिला, सुरुवातीची पाच मिनिटं मी बघितली, पाहुणे हसत आत येत होते, पुढचं बघायला वेळ नव्हता, तशीच रिक्षा करून बोरिवलीला देऊन आले.

महिन्याने त्याचा फोन आला. बोट बंदराला लागली होती, आवाज स्वच्छ होता. मी आधीच सांगायला लागले की केकचं चुकलं, रागावू नको, सासूबाई बोलल्या. तो म्हणाला, केकच्या पुढचं पण आहे. किचनचं आहे. शेवटपर्यंत बघितलं, खूप वेळा. किचनचं कसं असेल? मग लक्षात आलं. काकांचा कॅमेरा कट ऐकल्याशिवाय बंद होत नाही, आणि सासूबाईंनंतर माझ्या धाकाने त्या घरात कुणी कट म्हणालंच नव्हतं.

तो एवढंच म्हणाला, "काका बोलले ते खरंय." मग बारीक आवाजात विचारलं, "तिला झाली का गं सवय?"

मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं. खरं की खोटं ते मला माहीत नाही.

काका अजून माझ्यासमोर मान खाली घालतात. "केक माझ्यामुळे गेला," म्हणतात. मी किती वेळा ठरवते की त्यांना सांगू, तुमच्यामुळे काय पोचलं तिकडे, पण सांगायला गेले की नुसते घावणे हातात देते आणि परत येते. ओवी आता चालायला लागलीय, बाबा म्हणायला लागलीय, कुणालाही म्हणते, दूधवाल्याला सुद्धा. काल जिन्यात काकांचा पायजमा धरून म्हणाली. काका तिथेच पायरीवर बसले. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "मला नको गं म्हणू. ठेव तो शब्द. बाबा येईल ना तुझा."

मी पण मनात तेच म्हणते. पण ती एवढीशी, तिला शब्द ठेवता कुठे येतात.