आवाज न करता बसायचं

उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर आम्ही आठ जण होतो. मी हवालदार, सेक्शन कमांडर. नाईक अंकुश माझ्या हाताखाली. वादळ आलं की बंकरमध्ये बसून राहावं लागे आणि पायातली ताकद जाई. मग पेट्रोलिंगला निघालेला चांगला धडधाकट गडी बर्फात बसकण मारायचा.

अंकुशने त्यावर तोड काढली. रॉकेलच्या रिकाम्या जेरीकॅनवर सावकाश बसायचं, छपराला डोकं लागेपर्यंत सावकाश उठायचं. धपकन बसलं की डबा वाजे. वाजला की अंकुश म्हणे, "जैसे थे." फौजेत याचा अर्थ, हुकूम रद्द, आधी होतात तसे व्हा. म्हणजे पुन्हा उभं राहायचं. आम्ही त्याला मनापासून शिव्या द्यायचो.

एका सकाळी शेजारच्या पोस्टवर औषध पोहोचवायला अंकुश दोघांना घेऊन निघाला. ते गेल्यावर हवा बिघडली. रेडिओवर कंपनी कमांडर बोलले, "पेट्रोल पार्टी, जैसे थे. वापस आओ. ओव्हर." तो निरोप मी घसा बसेपर्यंत पुढे देत राहिलो. अंकुशच्या सेटवरून उत्तर आलं नाही. उतारावरून बर्फ सुटलं होतं. मागचे दोघे वाचले. अंकुशला आम्ही दुसऱ्या दिवशी खाली आणलं.

निवृत्तीनंतर हडपसरला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट नाही. पुढे मुलगा आयटीत लागला, त्याने खराडीत फ्लॅट घेतला. माझी बायको शालन भाजी आणताना पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मुलाने आम्हाला खराडीला नेलं. हाड जुळलं, पण मांडी पार वाळली.

"बाबा, हडपसरचं घर भाड्याने देऊन टाकू," मुलगा म्हणाला. "आईला जिने जमणार नाहीत."

तो ऑफिसला गेल्यावर शालन म्हणाली, "मला माझ्या घरी जायचंय. इथं शेजारीण दिसते ती फक्त लिफ्टमध्ये."

डॉक्टरांनी पूर्ण बैठकांना मनाई केली होती, खुर्चीवरून उठबस चालेल म्हणाले. मला अंकुश आठवला. भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली, तिच्यावर दोन जाड उशा, समोर धरायला जेवणाचं टेबल. पायात बळ येईल तशी एकेक उशी काढायची.

"अहो, ही परेड कधी संपणार?"

"कमांडर सांगेल तेव्हा."

"कोण कमांडर?"

"खुर्ची. ती वाजली नाही पाहिजे."

दुसरी उशी काढली त्या दिवशी शालन बसता बसता घाईने खाली येऊ लागली. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "जैसे थे."

मला म्हणायचं होतं, ऊठ. पण शालन रोज पेपर वाचणारी. कोर्ट एखाद्या बांधकामावर 'जैसे थे'चा आदेश देतं, तेव्हा सगळं आहे तिथेच थांबतं, एवढं तिला ठाऊक. ती मध्येच थांबली. ना उभी, ना बसलेली, टेबलावरचे हातही सुटलेले. मांडी थरथरत होती. मी धावलो.

"हात लावू नका," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना?"

पायाने तिचा भार पेलला. मग ती सावकाश टेकली. मला रडू फुटलं. पाणी आणतो म्हणून मी आत गेलो.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर आम्ही हडपसरला आलो. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय टाकत, शालन दोन्ही जिने चढली. मुलगा मागे हात पसरून चालत होता, त्याची गरज पडली नाही. भाड्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आमच्या खोलीत सेक्शनचा फोटो आहे. अंकुश एकदा रजेवर जाताना आमच्या गावच्या घरी जेवून गेला होता, तेव्हापासून शालनचा तो भावोजी. फोटोखालच्या खुर्चीवर ती अगदी सावकाश बसली आणि मान वर करून म्हणाली,

"भावोजी, आवाज आला का?"